तिघांची साखर

तीर्थस्वरूप मावशीस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (खरं तर एकच हात. दुसरा अजून साखरेने चिकट आहे, पत्राला डाग पडू नये म्हणून तो मी पाठीमागे धरला आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना त्यातून येणारा तो आवाज थांबला का? काकांना नमस्कार सांग. त्यांचा खोकला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आपणहून गेला असेल किंवा तुझ्या म्हणण्याप्रमाणे औषधाने गेला असेल. मी दोन्ही मतांचा आदर करते. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं काका शेजारी बसून आपल्या मनाने भरतात. मध्यंतरी मी आईला ताप आल्याचं कळवलं आणि तुमच्याकडे माझं लग्न ठरल्याची बातमी पोचली. असो. पत्र लिहायला विशेष कारण नाही, सहज लिहिते आहे.

तर तो ताप गेला, पण जाताना आईच्या तोंडाची चव घेऊन गेला, हे तुला ठाऊकच आहे. महिनाअखेरपर्यंत परत आली नाही तर मी स्वतः येऊन बघते, असं तू म्हणाली होतीस (किंवा काका म्हणाले असतील). पण घरात त्यामुळे काय झालं हे तुला ठाऊक नाही. आमची रीत तुला आठवत असेल. गॅससमोर कोणीही उभं असो, पातेलं उतरवण्याआधी चमचा आईपुढे धरायचा. ती थेंबभर तळहातावर घेणार, चाटणार आणि एकच शब्द बोलणार. 'मीठ.' 'अजून.' 'उतरव.' जन्मापासून हेच चालत आल्यामुळे आम्हा तिघांपैकी कोणीही, म्हणजे मी, दादा आणि बाबांनी, आपण शिजवलेलं कधी आपल्या जिभेने ठरवलं नाही. आणि 'छान' हा शब्द तर तिच्या तोंडून आम्ही ऐकलाच नव्हता. मी पदवीचा कागद आणून दिला तेव्हा तिने तो उलटसुलट पाहिला आणि 'बरं झालं' म्हणाली. (यापुढे तिच्याकडे शब्दच नाही, असं बाबांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं.)

ताप उतरल्यावर पहिल्यांदा दादाने भात केला. तो इतका करपला की शेजारीण विचारायला आली. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, छान झालाय. बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. दुसऱ्या दिवशी मी भाजीत मीठच घातलं नव्हतं. तीही छान. तिसऱ्या दिवशी बाबा सुतारकामाला दांडी मारून एकटेच डॉक्टरांकडे गेले आणि दबक्या आवाजात सांगून आले की डॉक्टर, ती सगळ्याला छान म्हणते. डॉक्टरांनी त्यांचं अभिनंदन केलं. मग मी जाऊन नीट सांगितलं, तेव्हा कळलं की कधीकधी असं होतं, चव येते परत, थोडा धीर धरा, वेगवेगळं काहीतरी देत राहा.

पण आईने धीर धरला नाही. ज्या मुलींच्या वसतिगृहात ती रांधते, तिथून ती आपला लांब दांड्याचा डाव घरी घेऊन आली, दारामागच्या खिळ्याला तिने तो अडकवला आणि वॉर्डनबाईंना निरोप पाठवला की दुसरी बाई बघा. जिला कळत नाही तिने एवढ्या पोरींच्या पातेल्यात हात घालू नये, एवढंच तिचं म्हणणं. त्यानंतर ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायला लागली. मावशी, तुझी धाकटी बहीण खुर्चीत नुसती बसलेली तू कधी पाहिली आहेस का? मी पाहिली नव्हती. दादा गॅरेजमधून येऊन तेलकट हात टॉवेलला पुसायचा आणि ओरडा बसेल म्हणून थांबायचा. ओरडा बसायचा नाही. मग तो बिचारा टॉवेल स्वतःच धुवायला टाकायचा. अशाने घर जास्त दिवस टिकणार नाही हे मला दिसत होतं.

आणि घरात पदवीधर मी एकटी. फ्यूज उडाला, मांजर आजारी पडलं, दादाच्या मालकाला सर्दी झाली, सगळं माझ्याकडे येतं. मी राज्यशास्त्र शिकले आहे हे मी बाबांना पुष्कळदा सांगितलं. शास्त्रच ना, असं ते म्हणतात. पण या वेळी मलाही वाटलं की शिक्षणाचा घराला उपयोग झाला नाही तर तो कागद आणि वाण्याची पुडी यांत फरक काय? एकदा आईने फ्रिजमधलं पाणी प्यायलं आणि आपल्याशीच म्हणाली, "गार तरी कळतं." ते मी धरून ठेवलं. मी ज्या वाचनालयात काम करते तिथे जुनी मासिकं लावताना एका पानावर मला सॉर्बेची कृती सापडली. फळाचा रस, साखरेचा पाक, लिंबू. पसरट भांड्यात ओता, गोठवा, काट्याने खरवडा. संपलं. दूध नाही, यंत्र नाही. मी ते पान हातात धरून उभीच राहिले. एवढ्या थोड्या शब्दांत पाण्याचं हिमात रूपांतर करण्याचा अधिकार सामान्य नागरिकाला दिलेला मी कुठल्याही ग्रंथात वाचला नव्हता.

रविवारी दादाने कलिंगड आणलं. (लहान आण म्हटलं होतं. त्याने ट्रकच्या टायरशी तुलना करून आणलं.) अर्ध्याचा रस मी गाळला. साखर मात्र घातली नाही. साखरेच्या दुष्परिणामांवर मी नुकतंच वाचलं होतं आणि आजारी माणसाच्या बाबतीत तत्त्वाशी तडजोड नको असं मला वाटलं. दुपारी भांडं बाहेर काढलं तर त्यात लाल संगमरवर. काट्याचा एक दात वाकला. बाबांना पटाशी मागितली तर ते दुखावले. लाकडाची पटाशी लाकडालाच लागते, दुसऱ्या कशाला लावली की तिचा धर्म बुडतो, असं व्याख्यान झालं. शेवटी त्यांनी सगळ्यात म्हातारी पटाशी दिली. दादाने घाव घातला, कलिंगडाची ढलपी उडाली आणि भिंतीवरच्या घड्याळावर बसली. आई खुर्चीतून बघत होती. एरवी या एका घावावर आठवडाभर बोलणं झालं असतं. ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली. घड्याळावरून लाल थेंब गळत राहिले.

तेव्हा मी ते पान पुन्हा वाचलं आणि मला साखरेचं खरं काम कळलं. मावशी, मी थक्क झाले. साखर नुसती गोडीसाठी नसतेच. गार झालं की पाण्याला एकजूट होऊन दगड व्हायचं असतं, आणि साखर मध्ये उभी राहून त्याला तसं होऊ देत नाही. म्हणून बर्फ एकसंध न होता बारीक कणाकणांनी राहतो. सत्ता एके ठिकाणी गोठू नये यावर मी तीन वर्षं वाचलं, ते मला एका ॲल्युमिनियमच्या भांड्यात समजलं. मी दादाला आणि बाबांना बसवून हे सगळं सांगितलं. साखर नव्हती म्हणून फसलं, आता साखर हाच उपाय, असं शेवटी जरा जोरात सांगितलं. (तेवढं सांगायला नको होतं.)

उरलेल्या अर्ध्या कलिंगडावर दुसरा प्रयोग केला. घरकामात सर्वांचा वाटा हवा या माझ्या मतानुसार कामं वाटून घेतली. मी पाक केला आणि रसात मिसळला, बाबांनी लिंबू कापून पिळलं, दादाने भांडं फ्रिजरमध्ये ठेवलं. ठेवण्याआधी चमचाभर घेऊन मी सवयीने खुर्चीकडे वळले. मग आठवलं आणि तो दादापुढे धरला. त्याने जिभेला लावून बाबांकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. असा तो चमचा दोन फेऱ्या फिरला, तिघेही बरं आहे म्हणालो आणि एकाचाही स्वतःवर विश्वास नव्हता. पुढे जे झालं ते मला नंतर कळलं. मी भांडी घासायला वळल्यावर बाबांनी मूठभर साखर हळूच ओतली, ढवळायचा आवाज होईल म्हणून ढवळली नाही. दादाने थोड्या वेळाने फ्रिजर उघडून, अर्धवट गोठलेल्यावर आणखी एक मूठ पेरली.

संध्याकाळपर्यंत ते गोठलं नाही. गुलाबी चिखल झाला. काटा फिरवला की रेघ उमटायची आणि पुन्हा बुजायची. माझी पदवी, माझं पान, माझं व्याख्यान, सगळं त्या चिखलात दिसत होतं. मी भांडं उचलून मोरीकडे निघाले, तेवढ्यात खुर्चीतून हात पुढे आला. "आण इकडे."

तिने चमचा तोंडात घातला. आम्ही तिघं रांगेत उभे. बाबांनी माझं मनगट धरलं होतं. 'छान' म्हणाली असती तर डाव खिळ्यावरच राहिला असता, हे न बोलता तिघांना ठाऊक होतं. तिने डोळे मिटले. चमचा तोंडातच फिरवला. मग म्हणाली, "साखर तिघांनी घातलीय."

एक मुरलीय, एक दाताखाली येतेय आणि एक तळाला बसलीय, एवढं पुढे सांगितलं. दादाची मान खाली गेली. मी दादाला कोपर मारलं. पण बाबा माझ्या कानाशी पुटपुटले की पोरी, कचकच दातालाही कळते, लगेच आशा धरू नकोस. (त्यांचं म्हणणं तर्काला धरून होतं. शास्त्र ते शिकले असते तर बरं झालं असतं.)

आईने दुसरा चमचा घेतला. तो तोंडात घोळवला. आणि डोळे न उघडताच म्हणाली, "आणि लिंबू कांद्याच्या सुरीने कापलंय."

मावशी, मी पदवीदान समारंभात व्यासपीठावर चढले तेव्हाही पायाखालची जमीन अशी हलली नव्हती. बर्फाइतकं गार, पाकाइतकं गोड, त्यात रसाच्या महासागरात लिंबाचा एक थेंब आणि त्या थेंबाच्या अंगाला सकाळच्या कांद्याचा वास, आणि तो तिने शोधून काढला! बाबा एक पाऊल पुढे आले. "मी," म्हणाले, "मीच कापलं," आणि बक्षीस घ्यायला आल्यासारखे हात पुढे करून उभे राहिले. दादा घाईघाईने म्हणाला की दाताखालची साखर त्याची. त्याला आपला गुन्हा सुटून जाईल अशी भीती वाटली.

मग ती बोलायला लागली. तुमच्या पटाशीने कोणी लोणी कापलं तर चालेल का, असं बाबांना. टॉवेल म्हणजे गॅरेजमधलं फडकं वाटलं का, असं दादाला. घड्याळ अजून पुसलं नाही, भात करपवलेला तो दिवस, बिनमिठाची भाजी, सगळं. (म्हणजे चव नव्हती तरी नोंद होत होती.) मला म्हणाली, शिकलीस तेवढी पुरे, आता चाखायला शीक. बाबा खिडकीबाहेर बघत डोळे पुसत होते आणि मान डोलावत होते. इतकी शिस्तशीर बोलणी आम्ही कित्येक आठवडे खाल्ली नव्हती.

बोलता बोलताच ती उठली. पेलाभर पाणी घातलं, नवं लिंबू धुतलेल्या सुरीने कापून अर्धंच पिळलं, ढवळलं, तळहातावर थेंब घेतला आणि म्हणाली, "ठेव." जेवणानंतर मी भांडं काढलं आणि काटा ओढला. मावशी, तो आवाज तुला कागदावर कसा ऐकवू? कोवळ्या बर्फावरून कोणी अनवाणी चालावं तसा. काट्यामागे गुलाबी भुसा उठत गेला, हलका, कोरडा, दिव्याखाली चमकणारा. अर्धं कलिंगड, तिघांची साखर, दीड लिंबू आणि एक जुना फ्रिज जो दार लाथेने लावल्याशिवाय बसत नाही, एवढ्यातून हे निघालं. जिभेवर ठेवलं की क्षणभर नुसतं गार, मग एकदम सगळं कलिंगड. चौघेही मान खाली घालून खात होतो. आईने वाटी खरवडून संपवली, पण 'छान' काही म्हणाली नाही.

सकाळी उठले तर दारामागचा खिळा रिकामा होता. डाव घेऊन ती पहाटेच वसतिगृहात गेली होती.

तूर्त एवढंच. तुझा गुडघा आणि काकांचा खोकला यांना माझा नमस्कार.

तुझी, चाखायला शिकत असलेली
भाची

ता. क. वर 'विशेष कारण नाही' असं लिहिलं ते खरं नाही. पत्र लिहायला आईनेच बसवलं. तिने सांगितलेला मजकूर एवढाच होता: 'तोंडाला अजून चव नाही. ताईला म्हणावं, ये.' चव आल्याचं कळलं तर तू येणार नाहीस असं तिला वाटतं, आणि तू यायला हवी आहेस हे ती तोंडाने कबूल करणार नाही. मी खोटं लिहायला बसले आणि पेन खऱ्याकडेच वळलं. तेव्हा तू असं कर, हे पत्र मिळालंच नाही असं समज, चव अजून आलेली नाही असं धर, आणि ये.

ता. क. येताना एक सुरी आण. लिंबासाठी वेगळी सुरी बाबा स्वतः करणार आहेत, पण अजून ते तिची मूठच तासत बसले आहेत.

ता. क. आलीस की ती तुझ्यापुढे सॉर्बेची वाटी ठेवेल आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहील. काय वाटेल ते म्हण. लिंबू कमी म्हण, जरा गोडाला गेलंय म्हण, आजीच्या हाताची सर नाही म्हण. फक्त छान म्हणू नकोस. तो शब्द ऐकला की बाबा पुन्हा डॉक्टरांकडे धावतील.