तुलो म्हणून पुढे

सालेलोलोगा,
मंगळवार, १९ ऑगस्ट

प्रिय दादा,

तालोफा. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण रविवारी चर्चला चालतच गेली. गाडीत बस म्हटलं तर हातातल्या पंख्याने मला एक फटका दिला. तू पाठवलेला डबाबंद मांसाचा खोका पोचला. अर्धे डबे पाद्रीबाबांकडे गेले, उरलेले तिने पलंगाखाली ठेवलेत आणि त्यांच्यावर राखणीला झोपते. वेलिंग्टनच्या वाऱ्यात लोकरीचं बनियन घालतोस का, असं तिने विचारायला सांगितलंय.

तुझं पत्र मिळालं. म्हणजे मला नाही, आमच्या अभ्यासक्रमाच्या प्रमुख एलेनाबाईंना मिळालं आणि त्यांनी ते माझ्यासमोर धरलं. त्याचं पुढे लिहीन. आधी प्रशिक्षणाचं सांगते, कारण तू ते विचारलंच नाहीस.

काम साधं आहे. वाचायचा एकच लेख सगळ्यांच्या मोबाईलवर उघडतो. आपल्याला टोचलेली किंवा आवडलेली ओळ रंगवायची आणि शेजारच्या समासात मनातलं लिहायचं. ते सगळ्यांना दिसतं, त्याखाली कुणीही उत्तर देऊ शकतं. शिक्षकांनी हे आधी स्वतः करून बघायचं, मग आपल्या वर्गात मुलांकडून करवून घ्यायचं. पहिला लेख मी तुझाच लावला, आपल्या शाळांतली मुलं गप्प का बसतात तो. प्रोफेसर माझा भाऊ आहे हे दोनदा सांगितलं, इतकी मी फुगले होते.

सकाळभर सगळे माना खाली घालून लिहीत होते. मी समास उघडला तर प्रत्येक ओळीशेजारी एकच शब्द. तुलो. तुलो. तुलो. त्यापुढे काही नाही.

एलेनाबाई आपियाहून पडद्यावर बघत होत्या. म्हणाल्या, “फुआतिनो, या सगळ्या नोंदी रिकाम्या आहेत.”

“रिकाम्या कशा? तुलो लिहिलंय की.”

“अगं, तुलो म्हणजे नुसतं ‘माफ करा’, हे काय मत झालं? याला गुण कसे देऊ? उद्यापासून तुलो बंद म्हणून सांग त्यांना.”

मागच्या बाकावरून लाफाएले मास्तर उठले. हे आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ आणि सगळ्यात तिखट. “बाई, एवढ्या मोठ्या माणसाच्या लिखाणासमोरून ताठ मानेनं जाऊ म्हणता? माझी आई कबरीतून उठून कान पिळेल माझा.”

बाई चिडणार हे दिसत होतं, म्हणून मीच मध्ये पडले. “मास्तर, चटईवर वडीलधारे बसलेत आणि तुम्हाला त्यांच्यासमोरून जायचंय. काय करता?”

“कंबरेत वाकतो. तुलो म्हणतो.”

“आणि मग?”

“मग पलीकडे जातो. जेवण पलीकडे असतं ना!”

हॉल खदखदून हसला. मी म्हटलं, “मग इथेच काय वाकून बसलात? तुलो लिहा आणि जा की पलीकडे.”

दादा, त्यानंतर जे झालं ते तू बघायला हवं होतंस. पुढच्या बाकावरच्या पेपेबाईंनी लिहिलं, “तुलो. माझी चार वर्षांची नात मुलांच्या रविवारी अख्ख्या चर्चसमोर पाठ म्हणते, तेव्हा तिची जीभ कुठे अडकत नाही. मुलं गप्प नाहीत, आपणच उत्तर ठरवून प्रश्न विचारतो.” मास्तरांनी लिहिलं, “तुलो. लेखक आमच्या शाळेत शेवटचा कधी आला होता?” त्याखाली कुणीतरी लिहिलं, “तुलो, मास्तर, जरा दमानं.” मी इतकी वर्षं शिक्षकांना शिकवते आहे, पण छापलेल्या कागदाशी आपली माणसं भांडताना मी पहिल्यांदा पाहिली. मला फार आनंद झाला.

मग ते पान आलं. वर्षभर वर्गात एक शब्द न बोललेली मुलगी ‘फ’. आपल्या संस्कृतीत मुलांचा आवाज कसा दबतो याचा तुझा सगळ्यात मोठा पुरावा. पेपेबाईंना तर ते वाचून रडूच आलं. म्हणाल्या, “बिचारी पोर. पुढे काय झालं असेल गं तिचं?”

काय सांगणार होते मी? बिचारी पोर समोर उभी राहून त्यांना वायफायचा पासवर्ड सांगत होती.

मी बसले आणि लिहिलं. तू ते वाचलंयस, तरी इथे पुन्हा लिहिते, कारण त्यातला एकही शब्द मला मागे घ्यायचा नाही. “तुलो. ‘फ’ म्हणजे मी. त्या वर्षी वर्गावर माझा सख्खा भाऊ शिक्षक होता, हे लेखात लिहायचं राहिलंय. आदल्या आणि पुढच्या वर्षी बडबड केली म्हणून मी बाकावर उभी राहत होते.”

आपल्यात कुणालाही याहून जास्त सांगावं लागत नाही. कळत्या वयापासून बहीण-भाऊ एका छपराखाली निजत नाहीत, एकमेकांसमोर थट्टा करत नाहीत, बहीण भावासमोर मान वर करत नाही. तू प्रश्न विचारायचास आणि मी पायांकडे बघायचे. उत्तर मला यायचं रे. दर वेळी यायचं. आणि तुलाही ठाऊक होतं मी का गप्प आहे. ते लिहिलं असतंस तर पुरावा गेला असता, म्हणून तू भाऊ गाळलास आणि मुलगी ठेवलीस. नावाचं पहिलं अक्षरसुद्धा बदलायचे कष्ट घेतले नाहीस. याचा मला राग आला आणि अजून आहे.

आता तुझ्या पत्राकडे येते. ‘बहिणीने भावाची अब्रू चव्हाट्यावर आणली, नोंद ताबडतोब काढावी.’ एलेनाबाईंनी मला शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. नोंद काढली नाही तर समास बंद, आणि पलीकडच्या उपोलू बेटावरच्या शिक्षकांचं प्रशिक्षण दुसऱ्या कुणाकडे.

मी काढणार नाही. शुक्रवारी नाही आणि त्यानंतरही नाही. प्रशिक्षण काढून घेतलं तर घेऊ देत. मास्तरांच्या अंगणात आंब्याखाली बसून शिकवीन. ज्या शिक्षकांना कालपर्यंत तुलोच्या पुढे जायची भीती वाटत होती, त्यांच्या डोळ्यांसमोर मी माझंच लिहिलेलं पुसलं तर उद्या ते वर्गात मुलांना काय सांगतील?

आणि बहीण-भावाचं नातं तू काढलंच आहेस तर पुरतं काढू. त्या नात्यात बहिणीची मान खाली असते, पण तिचं ताट भाऊ आधी वाढतो. तिचा शब्द तो खाली पडू देत नाही. तू एवढं जाडजूड लिहिलंस आणि तेवढा भाग विसरलास?

खरं सांगू? तू आत्ता दारात येऊन उभा राहिलास तर माझी मान आजही खालीच जाईल. यातलं एकही वाक्य मला तुझ्या तोंडावर बोलता येणार नाही. त्या समासात मी जन्मात पहिल्यांदा तुझ्या प्रश्नाला उत्तर दिलं, दादा. आणि तू ते पुसायला सांगतोस.

माझ्या नोंदीखाली अजून कुणीही काही लिहिलेलं नाही. पेपेबाई लिहायला गेल्या होत्या, तर मास्तरांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, “थांबा. इथं आधी भावानं बोलायचं.” सगळे थांबलेत. जागा मोकळी आहे, तुझ्या मोबाईलवरूनही उघडते. तुलो लिही आणि पुढे ये.

पहिल्या अक्षरावर न थांबता,
तुझी बहीण
फुआतिनो