होडीवाल्याचं तिसरं कडवं

आई, तुझं ते निळ्या काठाचं एनॅमलचं तसराळं गेल्या आठवड्यात पुन्हा अंधारात नेलं. इतकी वर्षं ते अंगणात पडून होतं, सूनबाई त्यात कोथिंबीर लावायची. मी ते मातीसकट उपडं केलं आणि नळाखाली घासायला बसलो, तर ती म्हणाली, "बाबा, काय करून राहिले हे? आत्ताच तर उगवली होती." मी नळ आणखी मोठा केला.

माझ्या नातीला तू पाहिलं नाहीस. लहानपणी याच अंगणात खेळली, आता मुंबईत फोटो काढते. लग्नाबिग्नाचे नाही, फॅशनचे. म्हणजे मासिकाची आठ-दहा पानं असतात, त्यात एकच मुलगी वेगवेगळे कपडे घालून एका गावात हिंडते, आणि बघणाऱ्याला ते कपडे हवेसे वाटले पाहिजेत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अन् ही एवढी नटून वाटाण्याच्या पोत्यावर काहून उभी आहे?" आजकाल सगळं मोबाईलवर निघतं, पण हिचे दोन हट्ट: फोटो फिल्मवरच काढणार, आणि आपल्या जबलपुरात काढणार. मासिकाच्या बाईंनी तिला बजावलं होतं, बिघडलं तर पुढचं काम दुसऱ्याला. तिचं हे पहिलंच मोठं काम. आणि मी म्हातारा उत्साहाच्या भरात, वडिलांची आठवण म्हणून ठेवलेला दादांचा कॅमेरा कपाटातून काढून बसलो, तो पोटाशी धरून वरून वाकून बघायचा. "चालतो ना, आजोबा?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "चालतो म्हणजे काय, पळतो!" तिनं विश्वास ठेवला. सगळ्यात महत्त्वाचा कपडा, एक चंदेरी लांब कोट, तिनं त्याच कॅमेऱ्यावर काढायचा ठरवला.

अधारतालच्या पुढे, पनागरच्या रस्त्यावर, सकाळी वाटाण्याची पोती उतरतात तिथे आम्ही गेलो. धुकं असं की टेम्पोचे दिवे तेवढे दिसत होते, मागून टेम्पो नंतर यायचा. मला शाळेतल्या सगळ्या हिवाळ्याच्या कविता एकदम आठवायला लागल्या. दिल्लीहून आलेली मॉडेल पोत्यांवर उभी राहिली, कोटाच्या बाह्या तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. एक भाजीवाली ओरडली, "ए दीदी, मटर तुलवा लो, इसी कोट में भर के ले जाना!" सगळे हसले, मॉडेलही हसली. टेम्पोवाला पुढे आला, "भैया, मेरी गाडी भी छपेगी क्या?" मागून कुणीतरी म्हणालं, "पहले धो तो ले!" त्या हशात नातीनं कळ दाबली, आणि आई, आवाज चुकला. एरवी टिक् म्हणून मोकळा होणारा कॅमेऱ्यातला पडदा, शटर, पाय ओढत चालल्यासारखा फरफटला.

तिनं मान वर केली नाही. वाकल्या वाकल्याच म्हणाली, "आजोबा, आवाज वेगळा आला ना?"

"थंडी आहे, बेटा."

"थंडीनं काय होतं?"

"काही नाही होत. तू काढ."

तिनं काढले. कधी आवाज नीट यायचा, कधी फरफटायचा. दर वेळी मी मनात फुकट गेलेले फोटो मोजायचो, आणि ती मात्र त्या मुलीशी हसून बोलत होती, "चलो, थोडा लेफ्ट, बढिया." धुकं उठलं तेव्हा रोल संपला होता. चहाच्या टपरीवर ती माझ्यासमोर येऊन बसली. "सच सांगा, आजोबा. तुम्ही चालवून पाहिला होता ना हा?"

"कळ दाबून पाहिली होती."

"रोल टाकून?"

मी चहावर फुंकर मारत राहिलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त कॅमेऱ्याचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला आणि सोडला, गुंडाळला आणि सोडला. मॉडेल संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार होती, कोटही तिच्याबरोबरच. रोल मुंबईला धुवायला दिला तर आठवड्यानं कळणार, आणि तेव्हा तो कोरा निघाला तर काय करायचं? आत्ताच कळलं तर दुपारी पुन्हा काढता येईल. पण घरी धुताना बिघडला, तर जे काही आलं असेल तेही गेलं. "औषधाची पाकिटं आहेत माझ्याजवळ," ती म्हणाली, "पण रोल धुवायची टाकी मुंबईला राहिली. बिना टाकी कसं होईल?"

"तुझ्या पणजीकडे कुठं टाकी होती?" मी बोलून गेलो. बोलण्याआधी स्वतःच्या म्हाताऱ्या हातांकडे बघायला हवं होतं.

नेपियर टाउनमधला आपला स्टुडिओ लोकांना दादांचा म्हणून माहीत होता. पुढच्या खोलीत ते गिऱ्हाइकाची मान सरळ करायचे, "उद्या या" म्हणायचे, आणि मागच्या स्वयंपाकघरात तो उद्या तू तयार करायचीस. खिडकीला गोधडी, भिंतीतल्या फटीत कणकेचा गोळा, चूल विझवलेली. डोळ्यांसमोर हात धरला तरी दिसत नाही असा अंधार. तू तसराळ्यातल्या औषधात करंगळी बुडवतेस, बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तशी, आणि ठरवतेस की आज कुठल्या चालीत म्हणायचं. अंधारात घड्याळ दिसत नाही, म्हणून तुझं घड्याळ म्हणजे चौथीच्या पुस्तकातली ती होडीवाल्याची कविता. मे महिन्यात भराभर, कारण गरम औषध लवकर लागतं. जानेवारीत ठाय लयीत. रोलची दोन टोकं दोन हातांत, एक हात वर, एक खाली, फिल्म औषधातून पाळण्यासारखी झुलते आहे, आणि तू म्हणते आहेस, "थांब जरासा, होडीवाल्या, पैलतिरी ने मजला." पहिल्या कडव्यात मडकी घेऊन कुंभार येतो. दुसऱ्यात माहेरी निघालेली नवरी. शेवटच्या कडव्यात होडी रिकामी परत येते, तिथे रोल औषधातून बाहेर. मी बाजूला पाटावर बसून तुझ्या आवाजात आवाज मिसळायचो. नवरीच्या कडव्याला मी रंगात येऊन शब्द लांबवायचो, आणि एकदा तूही माझ्या नादानं लांबवलंस, तर कुणाच्या तरी साखरपुड्याचा रोल काळाठिक्कर निघाला. दादांना तू काही सांगितलं नाहीस. मला मात्र म्हणालीस, "कविता म्हणायची. तिचे लाड नाही करायचे."

तर त्या दिवशी घरी येताच मी बाथरूमच्या झरोक्यावर गोधडी ठोकली आणि सूनबाईकडे कणीक मागितली. "आता कणीकही?" ती म्हणाली, पण मळून दिली. नात दाराबाहेर बसली. "मोबाईलवर टाइम लावू?"

"नको. आपलं घड्याळ आहे. फक्त मध्ये बोलू नको, माझी लय मोडते."

"ठीक है. मी चूप."

दार लागलं. फिल्मवरचा कागद सोलून काढताना बोटं ऐकेनात. फिल्म पुन्हा पुन्हा गुंडाळी होऊन मनगटाला विळखा घालत होती, आणि तिच्या अंगाला बोट लागलं तर डाग कायमचा. शेवटी दोन्ही टोकं हाती आली. करंगळी बुडवली. थंडगार. ठाय लय, मी स्वतःला सांगितलं, आणि सुरू केलं. कुंभार गेला. नवरी गेली, तिचे लाड केले नाहीत. "थांब जरासा, होडीवाल्या," मी म्हटलं, आणि काठावर कुणीच नव्हतं.

आई, तिसरं कडवं गेलं होतं. शब्द नाही, ओळ नाही, माणूसच गेला होता. गवळी? फकीर? शाळेचे मास्तर तर चौथ्या कडव्यात येतात, छत्री घेऊन. हात वर-खाली चालू होते, औषध आपलं काम करत होतं, आणि मी किती वेळ गप्प आहे हे मला कळत नव्हतं. दोन श्वास? दहा? जन्मभर मी लोकांना सांगत आलो की शाळेतल्या सगळ्या कविता मला पाठ आहेत. बाहेरून दबका आवाज आला, "आजोबा?" मी म्हटलं, "चूप!" तिला विचारता आलं असतं, बेटा, किती वेळ झाला असेल? तोंडातून निघालं नाही. मग एकदम सुचलं की सगळी कडवी सारख्याच लांबीची आहेत, घड्याळाला काय, कुणीही बसो होडीत. मी नवरीला पुन्हा एकदा होडीत बसवलं. मग मास्तर, मग रिकामी होडी. पाणी. मग चित्र पक्कं करायचं हायपो. गोधडी ओढली तेव्हा पाठ घामानं भिजली होती, जानेवारीत.

तिनं फिल्म खिडकीशी धरली. एकेक चौकट मोजत गेली. जिथे पडदा फरफटला होता तिथे जास्त उजेड शिरून फिल्म काळी पडली होती, आणि सगळंच जरा जास्त गडद होतं, मी गप्प राहिलो त्याची खूण. "अर्धे गेले," ती म्हणाली. मग एक चौकट डोळ्यांजवळ नेली, आणि माझी बाही ओढली. "हा पाहा, आजोबा." पडदा उशिरा मिटला तेवढ्यात हललेली मागची हसणारी माणसं, भाजीवाली, टेम्पोवाला, सगळे धुक्यात विरघळल्यासारखे ओघळले होते, आणि त्यांच्यात ती एक मुलगी कोट घालून स्वच्छ उभी होती. "हाच पानभर लागेल. बाकीचे दुपारी परत काढू, पडदा भरभर चालवून. थंडी नाही आता." तिनं लगेच फोन लावला, सगळ्यांना पुन्हा पोत्यांवर नेलं, आणि गाडी सुटायच्या आत काम झालं. माझ्या डोक्यावर हात ठेवून गेली, मीच लहान असल्यासारखा.

पण जाण्याआधी बॅग भरता भरता तिनं विचारलं, "आजोबा, ते नवरीवालं तुम्ही दोन बार काहून म्हटलं?"

मी म्हटलं, "थंडीत दोनदा म्हणायचं असतं. पणजीची पद्धत."

"अच्छा!" ती म्हणाली. "बरं झालं, मी बाहेरून रेकॉर्ड केलं."

तेव्हापासून मी सकाळी चहा घेताना होडी हाकून पाहतो. कुंभार जातो, नवरी जाते, आणि मग काठावर कुणीतरी उभं असतं, पाठमोरं. विचारायला आता तुझ्याशिवाय कुणी उरलं नाही, आणि हा कागद तर माझ्या उशीखालीच राहायचा. तसराळ्यात पुन्हा कोथिंबीर पेरली आहे. काल नातीचा मुंबईहून फोन आला. स्वतःच्या मोरीत टाकीतला रोल आपल्या घड्याळावर धुवायचा होता, थंडी होती, म्हणून मला ऐकायला लावलं, बरोबर चाललं आहे का बघा. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता. मराठी शब्द तिच्या तोंडात अडखळत होते, पण चाल तुझी होती. कुंभार गेला, नवरी गेली, आणि तिनं नवरी पुन्हा घेतली. लाड करत नव्हती, आई. मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हटलं, "बरोबर आहे, बेटा."