सहा नंबरची चावी

मी, घड्याळजींची धाकटी मुलगी, वय वर्षे एकाहत्तर, शाळेच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षे मदतनीस म्हणून काम करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांकडे तसा दाखला मागितला तेव्हा त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करत खाली यायला सांगितले. मी दोनपर्यंत आले तेव्हा ते म्हणाले, "पुरे, बाई." शरीराचे मात्र तसे नाही. हा उन्हाळा मी बघेन, पुढचे त्यांना सांगता येत नाही आणि मीही खोदून विचारलेले नाही. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत खोटे काही नव्हते, एक कलम कमी होते.

कलम १. राहत्या दोन खोल्या आणि वरची गच्ची मी माझ्या भाचीला देते. ती दादाची एकुलती एक मुलगी असून चष्म्याच्या दुकानात काचा घासण्याचे काम करते. हे घर बाबांनी माझ्या नावे केले, दादाच्या केले नाही. त्यात माझे कर्तृत्व शून्य होते. दादाला का देत नाही, ते शेवटी सह्यांच्या जागी कळेल.

खालच्या मजल्यावरचे कारकून छतातून पाणी गळते म्हणून अकरा वर्षे माझ्याशी बोललेले नाहीत. मी माझ्या न्हाणीघरात निळा रंग ओतून पाहिला, गच्चीवर लाल ओतून पाहिला, चार-चार दिवस वाट पाहिली. त्यांच्या भिंतीवर एकही रंग उतरला नाही. पाणी त्यांच्याच नळाचे आहे. हा निष्कर्ष भाचीने त्यांना लेखी द्यावा. तोंडी देऊ नये, ते ऐकून घेत नाहीत.

कलम २. बँकेत जे काही असेल ते भाचीचे. माझ्या कपाटातले लोकरीचे कोट तिला घट्ट होतील, ते वाटून टाकावेत.

कलम ३. काचेची उपकरणे, म्हणजे परीक्षानळ्या, चंचुपात्रे, दोन स्पिरिटचे दिवे आणि तराजू, मी शाळेला देते. अट एकच, ती मुलांच्या हातात द्यावीत. आमचे मुख्याध्यापक म्हणायचे, "मुलांनी लांबून बघावं, फुटलं तर भरून कोण देणार?" चौतीस वर्षे मी कपाटाला कुलूप लावत आले. फुटू द्यावे.

आईचे जाड काचेचे भांडे मात्र शाळेला देऊ नये, ते भाचीला द्यावे. त्यात दादाने मला पहिला प्रयोग दाखवला होता. अंडे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले आणि दोन दिवसांनी कवच विरघळून नुसते लिबलिबीत अंडे माझ्या तळहातावर ठेवले. मी सात वर्षांची होते. नंतर एकदा त्याने अकरा लिंबांना तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्ट्या टोचून एवढासा दिवा लावला. आई दारात उभी राहून म्हणाली, "दिवा लागला ना? आता माझी लिंबं परत द्या." ती लिंबे कडवट झाली होती, तरी तिने वापरली. त्या घरात मी इतकी आनंदात होते की पुढे काही बिघडू शकते हे मला सुचलेच नाही.

कलम ४. बाबांची हत्यारे, भिंग, चिमटे आणि घड्याळांच्या चाव्यांचा खण भाचीने ठेवावा. तिला बारीक कामाचा हात आहे. बाबांचा स्वभाव तिच्यात आलेला नाही ही आनंदाची गोष्ट आहे.

कलम ५. माळ्यावर पत्र्याचा एक डबा आणि पुठ्ठ्याचे एक रॉकेट आहे. डबा दादाने सोळाव्या वर्षी स्वतः जोडला. त्यात बॅटरी, एक दिवा, एक बटण आणि चावीचे भोक आहे. डब्यातून लांब तार निघून रॉकेटच्या बुडाशी जाते. चावी घालून फिरवली की दिवा लागतो, म्हणजे तार शाबूत आहे असे समजायचे. मग बटण दाबले की रॉकेट पेटते. चावी नसेल तर बटण कितीही दाबा, काही होत नाही. चावी म्हणून दादाने बाबांच्या खणातली भिंतीवरच्या घड्याळाची, सहा नंबर कोरलेली पितळी चावी घेतली होती. त्याचा नियम असा होता की रॉकेटजवळ जाणाऱ्याने चावी काढून आपल्या खिशात घालायची. हा नियम तो मला इतक्या वेळा ऐकवायचा की मी झोपेतही म्हणून दाखवला असता.

नऊ रॉकेटे नीट उडाली. दहाव्याच्या वेळी, बंद पडलेल्या गिरणीमागच्या मैदानात, दादाने बटण दाबले आणि काहीच झाले नाही. त्याने शंभर आकडे मोजले, चावी काढली, खिशात घातली आणि रॉकेटपाशी गेला. तारेच्या टोकाचा निसटलेला चिमटा त्याने परत बसवला आणि त्याच क्षणी रॉकेट पेटले. त्याचा डावा डोळा गेला. उजव्याला उजेड आणि सावली कळते, हात जवळ धरला तर हात कळतो, भिंगातून जाड काळी रेघ कळते.

रुग्णालयात त्याच्या पँटच्या खिशात चावी सापडली. ती बाबांना कागदात बांधून देण्यात आली. चावी खिशात असूनही रॉकेट पेटले, म्हणजे डब्याची जोडणीच चुकलेली, असे सगळ्यांनी धरले. बाबा खाटेशी उभे राहून म्हणाले, "स्वतःच्या हातानं स्वतःचे डोळे घालवलेस." दादा पट्ट्यांच्या आतून म्हणाला, "हो बाबा. कुठंतरी माझंच चुकलंय." इंजिनिअरिंगचा प्रवेश, त्यासाठी आणलेली नवी पट्टी-कंपास, सगळे राहून गेले. पुढे त्याच रुग्णालयात छत्तीस वर्षे त्याने फोन जोडून देण्याचे काम केले. बाबा मरेपर्यंत त्याच्याशी कामापुरतेच बोलले.

डबा आणि रॉकेट भाचीने फेकू नयेत, एवढीच विनंती.

कलम ६. दादाच्या एक्केचाळीस वह्या माझ्याकडे आहेत. त्या त्याच्याच आहेत, त्याला परत कराव्यात. डब्याच्या जोडणीत चूक कुठे होती हे तो एकोणसाठ वर्षे शोधत आला आहे. जाड काळ्या पेनाने, भिंग डोळ्याला लावून, एका पानावर एक आकृती. वही भरली की माझ्याकडे आणून द्यायचा, कारण घरात विज्ञानाचे माणूस मीच. मी रात्रपाळीच्या परीक्षकासारखी प्रत्येक आकृती पाहायचे आणि खाली लिहायचे: "तपासले. चूक आढळली नाही." तो हसून म्हणायचा, "म्हणजे अजून खोल आहे."

कलम ७. बाबांच्या खणात सहा नंबरच्या चाव्या दोन होत्या.

दुसरी मी घेतली होती. दादा शाळेत असताना डब्याचा दिवा लावून बघायला मला आवडायचे. त्याला सांगितले असते तर त्याने काढून घेतली असती, म्हणून सांगितले नाही. त्या दिवशी ती माझ्या फ्रॉकच्या खिशात होती. दादा रॉकेटपाशी ओणवा होता. मला वाटले, दिवा लागतो का ते बघावे. लागला तर तार ठीक झाली हे मी त्याच्याआधी ओरडून सांगेन आणि तो म्हणेल, शहाणी आहेस. मी चावी घातली आणि फिरवली. दिवा लागला. मला आनंद झाला. बटण वाळूने आतच अडकून बसले होते, ते मी पाहिलेच नाही. मान वर केली तेव्हा तिकडे धूर होता.

चावी मी मोज्यात लपवली. मी बारा वर्षांची होते, हे कारण तेव्हा पुरेसे होते. वीस वर्षांची झाले तेव्हा नव्हते, चाळीशीत तर नव्हतेच. "चूक आढळली नाही" हे मी एक्केचाळीस वह्यांत लिहिले आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता, हीच माझी सर्वांत मोठी लबाडी. डब्यात चूक नव्हतीच. इतका नेटका डबा मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही.

डॉक्टरांनी उन्हाळ्याचे सांगितल्यावर मी चावी रुमालात गुंडाळून दादाकडे गेले. सांगायचेच असे ठरवून गेले. तो दारातच उभा होता. म्हणाला, "अगं, सापडली! आदल्या दिवशी पाऊस झालेला, आठवतंय? डब्यात ओल धरली होती. ओलीतून वीज गेली. मी झाकणाला रबर लावायला हवं होतं. एवढंसं रबर गं!" त्याचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. त्याने वही पुढे केली. "बघ, तपास."

पाऊस झाला नव्हता. मैदानात धूळ उडत होती. मी लिहिले: "तपासले. बरोबर."

तेव्हापासून मला झोप नाही. त्याला जी चूक सापडली तीही त्याचीच आहे. तो सुटल्यासारखा वागतो, पण स्वतःला दोषी धरूनच. ते खोटे समाधान मी काढून घेते आहे, आणि तेही शिव्या खायला मी मागे नसताना. यातून काही चांगले होईल अशी आशा मला नाही. पंचाहत्तराव्या वर्षी त्याला कळेल की त्याचे डोळेही माझ्यामुळे गेले आणि आयुष्यही. तरी डबा चोख होता हे त्याला कळले पाहिजे.

म्हणून भाचीने मी गेल्यावर आठ दिवसांच्या आत हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे आणि डाळीच्या डब्यातली रुमालात गुंडाळलेली चावी त्याच्या हातात द्यावी. नंबर तो अंगठ्याने ओळखेल. तो काही बोलला तर ऐकून घ्यावे, माझी बाजू घेऊ नये. तो माझ्याआधी गेला, तर या कलमाचा कोणालाच उपयोग नाही. तरीही ते खोडू नये.

कलम ८. माझ्यामागे भाषणे नकोत. शाळेने फोटो लावायचे म्हटले तर नाही म्हणावे. चाळीस पावलांवरच्या शिंपीणबाईंना माझी शिलाई मशीन द्यावी, त्यांनी ती तीनदा मागितली आहे आणि मी तीनदा उगाच नाही म्हटले.

वरील मजकूर मी पूर्ण समजून लिहिला असून खाली सही केली आहे.

(सही) घड्याळजींची धाकटी मुलगी

साक्षीदार १: शिंपीणबाई. (सही) मशीनचे त्यांना आज सांगितलेले नाही. वकिलीणबाई म्हणाल्या होत्या की ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष देऊ नये, पण गल्लीत दुसरे कोणी रिकामे नव्हते.

साक्षीदार २: दादा. त्याला साक्षीला बसायचेच होते, म्हणून घरातला वाटा त्याला दिला नाही. "माझ्या बहिणीच्या कागदावर माझी सही नको का?" असे तो म्हणाला. माझा हात सही करताना त्याने डोळ्याजवळून पाहिला. त्याला दिसत नाही म्हणून मजकूर मी वाचून दाखवला. आठवे कलम संपल्यावर तो म्हणाला, "सहानंतर एकदम आठ? सातवं कुठाय?" मी म्हणाले, "ते तुझ्या लेकीसाठी आहे. मी गेल्यावर ती वाचेल." "त्यात काही चुकलंबिकलं नाही ना?" मी म्हणाले, "तपासलंय." "मग झालं. तू तपासलंस म्हणजे बरोबरच असणार," असे म्हणून त्याने जाड काळे पेन मागितले.

(सही) दादा. ओळीच्या बरीच खाली उतरलेली.

ठिकाण: स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, दुपारचे सव्वाचार.