करवतीचं दुसरं टोक

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. लिहायला मी उशिरा शिकले, मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा, त्याच्याच पाटीवर. तुम्ही होता तोवर मला अक्षर येत नव्हतं आणि तुम्हाला तर कधीच आलं नाही, म्हणजे पत्र असलं काही आपल्या दोघांत होणं शक्यच नव्हतं. तरी लिहिते आहे, कारण त्या वर्षाचं कुणाशी बोलायला गेलं की लोक हसतात. मुलगाही हसतो. म्हणतो, आई, लोखंडाचा माणूस कधी बोलतो काय? तुम्ही त्याला त्याच लोखंडाच्या खांद्यावर बसवून ओढ्यापर्यंत फिरवत होता, हे त्याला कसं आठवणार, तेव्हा त्याला दातही आले नव्हते.

त्या वर्षी आपल्या कुंभारवाड्यात आणि माझ्या सासरीही ताप घरोघर फिरला. माझे मालक गेले, मी पोराला कडेवर घेऊन माहेरी आले, तर इथे काका गेलेले. तुम्ही दोघे भाऊ मिसरूड फुटल्यापासून एकाच करवतीवर. खड्ड्यावर सागवानाचा ओंडका आडवा टाकायचा, एकाने वर ओंडक्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली खड्ड्यात, आणि मधे ती माणसाहून उंच करवत वर-खाली, वर-खाली, फळी सुटेपर्यंत. काकांच्या जागी मक्तेदाराने दोन-तीन माणसं देऊन पाहिली. मक्तेदार बेळगावचा, जंगल तोडायचा मक्ता त्याचा, त्याला थांबून चालणार नव्हतं. पण एकाशीही तुमचं जमलं नाही. तुम्ही कुणाला शिवी दिली नाही. करवत खाली ठेवायचात, घरी यायचात आणि चुलीपाशी बसायचात. मी वाढलेली पेज समोर गार होऊन जायची.

मग दिवाळीनंतर लोंढ्याहून बैलगाडीत घालून मक्तेदाराने तो लोखंडाचा माणूस आणला. उभा केला तेव्हा दाराच्या चौकटीहून उंच. पोटात कोळसा जळणारा, पाठीवर पाण्याची टाकी, डोक्यात पितळेची बारीक चाकं. बरोबर आलेल्या साहेबाने सांगितलं की हा बघून शिकतो, सांगितलेलं समजतो, आणि छातीत पेटीसारखा भाता आहे त्यातून हो-नाही म्हणतो. तुम्ही त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणालात, "गड्या, वर चढ." गडी म्हणजे चाकर, त्या अर्थाने म्हणालात. तो चढला. त्याला कोळसा आणि पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. कुणी विचारलं तर मी म्हणायची, मी त्या यंत्राला जेवू घालते.

पहिले काही दिवस फळ्या वाकड्या निघाल्या. मग हळूहळू आवाज बदलला. करवतीचा आवाज आपल्या अंगणापर्यंत यायचा, आणि एका सकाळी नाचणी दळता दळता माझा हात थांबला, कारण तो आवाज अगदी काका असतानासारखा होता. दुपारी भाकरी घेऊन गेले तर तुम्ही खड्ड्यातून वर बघून त्याच्याशी बोलत होता! घरात तुमच्या तोंडून दिवसाला चार शब्द निघत नव्हते. आणि तोही आता नुसतं हो-नाही म्हणत नव्हता. आपलंच बोलणं ऐकून ऐकून आपल्यासारखंच बोलायला लागला होता. माझं ऐकून तुम्हाला आप्पा म्हणाला, तेव्हा तुम्ही खेकसलात, "मी तुझा आप्पा न्हाई." तो म्हणाला, "मग कोण?" तुम्ही परत करवतीला हात घातलात, आणि तो आप्पाच म्हणत राहिला.

तुम्ही त्याला विचारलंत तो दिवस मला अजून दिसतो. मी ओंडक्याच्या सावलीत बसले आहे, पोर मांडीवर झोपलं आहे. तुम्ही खालून विचारता, "गड्या, मी हात कवा ढिला करतो ते तुला वरून कसं रं कळतं?" तो करवत तशीच धरून ठेवतो. मग म्हणतो, "तुमी ओढता तवा मी सोडतो. मी ओढतो तवा तुमी सोडता. रोज ह्येच. एक दिवस वाटलं, ओढणारा एक आणि सोडणारा एक, म्हंजे दोघं हाईत. खाली तुमी हाईसा. मग वर कोण हाय? तवा कळलं, वर मी हाय." तुम्ही करवत सोडलीत, खड्ड्यातून वर आलात, भुसा झटकला आणि त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसलात. त्या दिवसापासून तुम्ही गड्या म्हणालात की ते जोडीदाराला हाक मारल्यासारखं ऐकू यायला लागलं.

थंडी पडली तेव्हा तुम्ही काकांचं कांबळं काढून त्याला नेलंत. मला राग आला. ते मी पोरासाठी मनात धरून ठेवलं होतं. "लोखंडाला थंडी वाजती काय?" मी म्हणाले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते मला न्हाई ठाऊक. तू त्याला विचारलंस? विचारल्याबिगर कसं ठरवतीस?" कधी न बोलणारा बाप त्यासाठी मला बोलला, हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी कोळसा घालताना मी तोंड वाकडं करूनच विचारलं. तो म्हणाला, "थंडी कशी असती ते कळत न्हाई, अक्का. पर कुणी पांघरूण घातलं, ते कळतं." त्या दिवसानंतर मी त्याला यंत्र म्हटलं नाही.

मक्तेदार मात्र फळ्या बघत होता. एका माणसाच्या जोडीला यंत्र एवढं काम करतं, तर दोन यंत्रं किती करतील? पौषात त्याने दुसरा आणला. तुम्हाला बाजूला व्हायला सांगितलं, गड्याला वर चढवलं, नव्याला खड्ड्यात उतरवलं. नवा नुसता ओढत राहिला. सोडायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. करवत धनुष्यासारखी वाकली. गड्याने हात काढून घेतला आणि उभा राहिला. मक्तेदार ओरडला, "ओढ!" गडी म्हणाला, "खाली कोण न्हाई."

त्याने दहादा सांगून पाहिलं. गडी तेच म्हणत राहिला. मग लोंढ्याहून त्या साहेबाला बोलावून आणलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, यात काही अवघड नाही, डोकं उघडून चार चाकं बदलली की हा बोलायचा नाही, विचारायचा नाही, नुसता ओढेल. हत्यारांची पेटी उघडून त्याने एकेक बाहेर मांडायला सुरुवात केली. गडी तुमच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसायची सोय नव्हती, पण मान तुमच्याकडे होती.

तुम्ही मक्तेदारापुढे जाऊन उभे राहिलात. "धनी, ह्यो बी आला तवा असाच हुता. त्या दुसऱ्याला माझ्या जोडीला द्या. शिमग्यापातूर. मी त्याला शिकवतो. मग दोघं वडतील, डोकं उघडायला नको."

"आणि ते दोघं ओढायला लागल्यावर तुझं काय काम?"

"मग माझं काम न्हाई," तुम्ही म्हणालात. "ठाऊक हाय मला."

मक्तेदाराने वाकलेल्या करवतीकडे पाहिलं आणि साहेबाला हत्यारं भरायला सांगितली. घरी आल्यावर मी तुमच्याशी भांडले. घरात लहान पोर, मी अशी, शेत ते केवढं, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःचं काम दुसऱ्याला देऊन आलात. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणालात, "तुझ्या काकाच्या डोक्यात ताप गेला, पोरी. शेवटच्या दिवशी त्यानं मला वळखलं न्हाई. मी हाका मारतोय, आणि आत कोण न्हाई. एकदा बघितलं. परत न्हाई बघणार." काका गेल्यापासून तुम्ही त्यांचं नाव काढलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

मग तुम्ही स्वतः खड्ड्यात उतरलात आणि नव्याला वर घेतलंत. त्याच्या ओढण्याने तुमचे खांदे सुजत, मी कुळथाचं कढण करून द्यायची, गरम पाण्याने शेकायची. त्यात भुशाने खोकला लागला. गडी शेजारी फळ्या रचायचा आणि मधेमधे थांबून बघायचा. शिमगा तोंडावर आला तरी नवा दगडच. एका दुपारी तुम्हाला खोकल्याची अशी उबळ आली की हातातली करवत सुटली. मी धावले. पाहते तर वर त्या नव्याने करवत जागच्या जागी धरून ठेवली होती, तुमच्या डोक्यापासून लांब. तो वाकून खड्ड्यात बघत होता. त्याच्या छातीतला भाता फुसफुसला, आणि तो म्हणाला, "दमलासा?"

तुम्ही खोकता खोकता हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येत होतं, भुशाचं की कशाचं कोण जाणे. मागून गडी म्हणाला, "आता हाय."

पुढे मक्ता संपेपर्यंत ते दोघे ओढत राहिले. तुम्ही भात लावलंत, नाचणी पेरलीत, आपलं कसंबसं भागलं. अमावस्येला काम बंद असायचं, तेव्हा गडी अंगणात येऊन बसायचा. तुम्ही त्याला काकांच्या गोष्टी सांगायचात, मी आतून तांदूळ निवडत ऐकायची. काका लहानपणी झाडावरून पडले होते, त्यांना एका मुलीशी लग्न करायचं होतं आणि ते झालं नाही, हे मला तुमच्याकडून नाही, तुम्ही त्याला सांगताना कळलं. मग गाड्या आल्या आणि दोघांना लोंढ्याला घेऊन गेल्या. तुम्ही गाडीचा दांडा धरून ओढ्यापर्यंत चालत गेलात. गडी म्हणाला, "आप्पा, तिकडं काय काम देतील ठाऊक न्हाई." तुम्ही म्हणालात, "दोघं हाईसा न्हवं? मग करशीला." परत आलात ते सरळ शेतात गेलात.

परवा मुलगा सांगत होता, आता शहरात इंजिनावर फिरणारी गोल करवत आली आहे, एकाच माणसाने लाकूड पुढे सरकवायचं. मी नुसती मान हलवली. त्याला काय सांगणार?

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. पण एक गोष्ट कबूल करते. ते दोघे अजून कुठेतरी चालू असतील का, हा विचार माझ्या मनात सारखा येतो, आणि असावेत असं मला वाटतं. त्यांच्या भल्यासाठी नाही, आप्पा. माझ्यामागे तुम्हाला ओळखणारं कुणी उरणार नाही, म्हणून.