माझ्या लग्नाची कॅसेट

रविवार, भाऊबीज. धारूर

कित्येक महिने इथे काही लिहिले नाही, आळस माझाच. आज मात्र राहवत नाही.

ओवाळून झाल्यावर दादाने पाहुण्यांना पुन्हा माझ्या लग्नाची कॅसेट लावली. वरातीत हलगी क्षणभर थांबते आणि दादा ती वाजवणाऱ्या किसनमामांना पट्ट्याने झोडपतो. बक्कल लागून मनगट फुटते, रक्त हलगीवर उडते. "मागं घे बे, परत बघू!" पाहुणे हसतात. वरून कुणी दुसरे काही रेकॉर्ड करू नये म्हणून दादाने कॅसेटच्या कडेचा प्लॅस्टिकचा तुकडा केव्हाच तोडलाय.

संध्याकाळी किसनमामा मागच्या दारी आले. "ताई, तेवढं पुसून टाका."

"मामा, तो पुरावा आहे."

त्यांनी वाकडे मनगट माझ्यापुढे धरले. "पुरावा ह्यो हाय की. त्या दिशी एकदाच मारलं. कॅसेटीत दर दिवाळीला मारत्यात."

मग मी तो पुरावा कुणासाठी जपू पाहत होते?

कॅसेट मी गुपचूप काढून घेतली, आता माझ्या पिशवीत आहे. तुटलेल्या जागी चिकटपट्टी लावली की वरून रेकॉर्ड होते, जुने पुसते. दादा सकाळीच बीडला जाईल.

उद्या: चिकटपट्टी आणणे.