वारेतून आलेलं

अव्वा, परवा दवाखान्यात मला एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मी चिडलेली आहे. भांडी आपटते, नवऱ्याशी धड बोलत नाही, दुकानात एका गिऱ्हाइकाला उगाच तोडून बोलले. कुणावर चिडायचं तेच समजत नाही, म्हणून तुला लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी सहावीत होते. आता मला सातवा महिना चालू आहे.

डॉक्टरीणबाई घरातल्या आजारपणांची चौकशी करत होत्या. सासूबाई शेजारी बसलेल्या. त्यांना लग्न ठरतानाच सगळं सांगितलं होतं, त्यामुळे मी सरळ बोलले. माझ्या आईला एचआयव्ही होता, मी पोटात असतानाच कळला, मी सहावीत असताना त्यातच ती गेली. माझं रक्त तपासून झालं होतं, काही निघालं नव्हतं. मी बोलता बोलता म्हटलं, मी तान्ही असताना एकदा आजार आहे असं आलं होतं आणि पुढे नाही असं आलं, कसं काय कोण जाणे. बाई म्हणाल्या, "कसं काय म्हणजे? तसंच येतं. आईच्या रक्तात त्या विषाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिद्रव्यं पोटात असतानाच वारेतून, नाळेवाटे बाळाकडे जातात. साधी तपासणी नेमकी तीच पकडते. बाळात विषाणू नसला तरी आईची प्रतिद्रव्यं असतात. दीडेक वर्षात ती विरून जातात. हे सगळ्यांना माहीत असतं."

सगळ्यांना. कुणाला गं, अव्वा?

आपल्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. पुढचं मला मामानं सांगितलंय. अप्पा मी पोटात असतानाच गेले. आजार त्यांच्याकडूनच तुझ्याकडे आला, पण बोल तुलाच लागला. मी बसायलाही लागले नव्हते तेव्हा मला न्यूमोनिया झाला. अप्पांच्या आईनं, अज्जीनं, तुला न विचारता गडहिंग्लजात माझं रक्त तपासून आणलं आणि दारातूनच ओरडली, "पोरीला बी हाय! घेऊन जा हिला." तू मला घेऊन एसटीनं कोल्हापूरला मामाकडे आलीस. पुढे सरकारी दवाखान्यात परत तपासलं तर काही नाही. मामा आनंदानं ते सांगायला गेला, तर अज्जी म्हणाली, "एकदा व्हय, एकदा न्हाय, असं कुठं असतंय व्हय? सरकारी लोकांनी कायबी लिवलंय." अज्जीचं सोड. तूही तेच धरून बसलीस, याचा मला त्रास होतोय.

मला अजून दिसतं, तू मामाच्या घरी पुढच्या खोलीत साड्यांना फॉल लावतेस, पिको करतेस. मी शाळेतून येते तेव्हा मशीन चालू असतं. मला ताप आला की ते थांबतं. तू माझ्या पायाशी फरशीवर बसतेस, तळवे चोळतेस आणि म्हणतेस, "मीच दिलं की गं तुला ह्ये." मला वाटायचं, तू तापाबद्दल बोलतेस. दुसऱ्या दिवशी आपण रक्त तपासायला जायचो. तिथला माणूस आपल्याला ओळखायला लागला होता. एकदा तो रांगेसमोरच खेकसला, "ओ मावशी, पोरीला काय न्हाय म्हटलं की! परत परत कशाला येताय?" तू पदर तोंडाला लावून बाहेर आलीस. 'काय न्हाय' म्हणून तो ओरडला, पण पहिल्यांदा 'हाय' का आलं होतं, ते त्यानं सांगितलं नाही. तूही विचारलं नाहीस. कसं विचारणार? लोक वळून बघत होते.

आणि ते फ्रॉक. तू शिवलेले फ्रॉक मला इतके नेमके बसायचे की वर्गातल्या मुली हात लावून बघायच्या. त्यांच्या आया खाली चांगलं वीतभर कापड दुमडून ठेवायच्या, पोर वाढली की उसवून फ्रॉक लांब करायच्या. तू कधी बोटभरही कापड ठेवलं नाहीस. मामी एकदा म्हणाली, "वन्सं, जरा मोठं शिवा की, पुढच्या वर्षी बी चालंल." तू मशीन चालवत राहिलीस. मला वाटायचं, माझ्या अव्वाला फिटिंगचे कपडे आवडतात. परवा रिक्षातून घरी येताना मला त्याचा अर्थ लागला. पुढच्या वर्षी मी असेन असं तुला वाटतच नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, मग मी सारखी आजारी का पडायचे? कान फुटायचा, छाती भरायची. त्या म्हणाल्या, त्याचंही कारण आहे. वार त्या विषाणूला बहुतेक वेळा अडवते. पण आईला हा आजार असला की गोवर, न्यूमोनिया अशा बाकीच्या आजारांविरुद्धची तिची प्रतिद्रव्यं बाळाकडे कमी पोचतात. मूल निरोगी जन्मतं, पण पहिल्या वर्षा-दोन वर्षांत जरा कच्चं असतं. मग सावरतं. म्हणजे माझ्यात सापडलं ते तुझ्या अंगानं त्या आजाराशी लढायला केलेलं होतं. ते माझ्यात आलं म्हणून आपल्याला घराबाहेर काढलं. आणि जे कमी आलं त्यानं मी आजारी पडले, म्हणून तुला तो पहिला रिपोर्टच खरा वाटला.

सासूबाई एकदम म्हणाल्या, "मग एवढं सांगायला कुणाचं तोंड शिवलं हुतं का वो?" बाई म्हणाल्या, तेव्हा फार गर्दी असायची, समजावून सांगायला माणसं कमी होती. खरं असेल. या बाई तेव्हा तिथं नव्हत्याच, त्यांच्यावर तरी किती रागवायचं? मी उठले. बाहेर आल्यावर सासूबाईंनी चहा घेतला, मी घेतला नाही.

दोन मिनिटांचं बोलणं होतं, अव्वा. रांगेत उभं राहून ऐकण्याइतकं. ते कुणी बोललं असतं तर तू वाचली नसतीस, हे मला कळतं. पण माझा ताप तुला नुसता तापच वाटला असता.

हे कुठे पाठवायचं नाहीच. आणि तू असतीस तरी तुला वाचता आलं नसतं. तुझी शाळा सीमेपलीकडं, कर्नाटकात, कन्नडमध्ये झाली, मराठी तू नुसती बोलायचीस. मला कन्नड समजतं, लिहिता येत नाही. हे तुला दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, आणि ही गोष्ट तू कुणाला वाचू दिली नसतीस. म्हणून ठेवून देते. राग गेलेला नाही. लिहायला बसले तेव्हा वाटलं होतं तो सगळा दुसऱ्यांवरच आहे. थोडा तुझ्यावरही आहे.