आत्याच्या दारात बंद केलेली जीप

शनिवार, १४ नोव्हेंबर १९९८

जुन्या जीपचा स्टार्टर अखेर मीच अंगणात खोलून दुरुस्त केला. इतकी वर्षं, परत ढकलायला माणसं कुठली आणायची म्हणून कुणाच्या दारात इंजिन बंदच करत नव्हतो. गारगोटीची आत्या तर चहासुद्धा गाडीपाशी आणून द्यायची. आज तिच्या दारात बंद केलं.

"परत चालू हुईल न्हवं?" तिलाच काळजी.

"हुईल की!"

ती चहा ठेवायला आत गेली. मला कुठला दम निघतोय! एकदा बघावं म्हणून किल्ली फिरवली. झटक्यात चालू! तर चहा उकळायच्या आतच कपात ओतून आत्या धावत बाहेर. "निघालास व्हय?"

काय गरज होती मला? इंजिन बंद केलं, किल्ली तिच्या हातात दिली आणि चपला काढून आत गेलो.